चटईखालचा माणूस

१

बुधवारी सकाळी सहाच्या मिस्सेआधी वाइमाला गावच्या चर्चमधला देव नाहीसा झाला होता.

बिशपांना पाठवलेल्या अहवालात मी हे असं लिहिलं नाही. तिथे 'पवित्र मंजूषा रिकामी आढळली' असं लिहिलं. अहवालातला देव नेहमी कर्मणी प्रयोगात हरवतो.

आमच्या वेदीमागे एक पितळी पेटी आहे. तीच मंजूषा. तिच्यात झाकणाचा एक पेला असतो आणि पेल्यात मिस्सेमध्ये पवित्र केलेल्या भाकरीच्या पातळ चकत्या, आजारी आणि मरणपंथाला लागलेल्या माणसांसाठी राखून ठेवलेल्या. त्या चकत्या ख्रिस्ताची आठवण नव्हेत, खूण नव्हेत, प्रत्यक्ष ख्रिस्तच, असं आम्ही मानतो. शेजारी खोबरेल तेलाचा तांबडा दिवा अखंड जळतो. तो आत आहे, एवढंच तो दिवा सांगतो.

त्या सकाळी दिवा विझलेला होता. तेल अर्धं शिल्लक होतं. वात चिमटीत धरून नीट दाबलेली. पेटीला कुलूप होतं. किल्ली जागेवर होती. मी पेटी उघडली तर आत काहीच नाही. तळाला अंथरलेलं कापडही नवं, कडक इस्त्रीचं. पेला शेजारच्या खोलीतल्या कपाटात सापडला, धुऊन पुसून पालथा घातलेला. आणि वेदीभोवती रॉकेलचा वास.

माझ्याबरोबर आमचे धर्मशिक्षक विटोलिओ होते. मी बेटावरच्या पाच गावांत फिरत असतो तेव्हा इथली प्रार्थना वीस वर्षं तेच चालवतात. ते गुडघ्यांवर कोसळले आणि रडू लागले. मी उभा राहिलो, कारण कोणीतरी पेटीचं दार धरायला हवं होतं.

माझ्या मनात पहिला विचार आला बिशपांचा. दुसरा, लोकांना काय सांगायचं याचा. देवाचा विचार तिसरा. हा क्रम मी मुद्दाम नोंदवतो, कारण तो गुन्ह्याचाच भाग आहे आणि ते कळायला मला रविवार उजाडावा लागला.

आधीच्या रविवारी मी 'जागे राहा' या विषयावर पंचवीस मिनिटं बोललो होतो. प्रवचन चांगलं झालं होतं. बायका पंखे हलवायचं थांबल्या होत्या, हीच आमच्याकडे दाद. मधेच एक मुंगी माझ्या बाहीवर चढली, तेवढाच व्यत्यय. मी ती झटकली आणि जागृतीकडे परत वळलो.

बातमी फुटायला घंटा वाजवावी लागली नाही. आमची घंटा म्हणजे गॅसचा रिकामा सिलिंडर. तो वाजायच्या आत गाव अंगणात जमलं होतं. लेमाना सगळ्यांत शेवटी आले. लेमाना ही त्यांची पदवी, गावच्या पंचांतली सर्वांत वरची; मूळ नाव त्यांच्या बायकोलाही आठवत नसावं. त्यांनी पेटीत डोकावून पाहिलं, विझलेला दिवा पाहिला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोलीस नकोत, फादर. तुम्ही फक्त कोण ते सांगा. बाकीचं सोमवारी पंच बघतील."

बाकीचं म्हणजे काय ते अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्या माणसाचं सगळं कुटुंब गावाबाहेर. घर पाडायचं, डुकरं मारायची, नीरफणस तोडायचे, म्हणजे परत यायला काही उरत नाही.

माझ्याकडे पाच दिवस होते.

२

किल्लीपासून सुरुवात केली. ती संत अंतोनीच्या पुतळ्यामागे असते. अंतोनी हा हरवलेल्या वस्तू शोधून देणारा संत. किल्ली त्याच्यामागे लपवावी हे कोणाला सुचलं माहीत नाही, पण सगळ्या गावाला एकदम सुचलेलं दिसतं. त्या जागेला आम्ही 'गुप्त जागा' म्हणतो. लहान मुलांना पत्ता सांगताना ती उपयोगी पडते.

म्हणजे किल्लीवरून कोणी सुटत नव्हतं आणि कोणी अडकतही नव्हतं.

विटोलिओंना मात्र किल्लीची गरज वाटत नव्हती. त्यांचं लक्ष रॉकेलवर होतं. चर्च पेटवायचा बेत होता, ऐनवेळी धीर सुटला, म्हणून नुसतीच विटंबना करून गेला, असं त्यांनी मला तीनदा समजावलं. कोण गेला, असं विचारल्यावर ते दुःखाने म्हणाले, "मी कोणाचं नाव घेणार नाही, फादर. पण रॉकेलचा पिंप सगळ्या गावात एकाकडेच आहे."

तो पिंप पासिलिओच्या दुकानात आहे. पासिलिओ अकरा वर्षं ऑकलंडच्या मटणाच्या कारखान्यात होता. बाप वारल्यावर परत आला, घराण्याच्या प्रमुखाची पदवी घेतली, दुकान टाकलं, आणि गेल्या वर्षी बायको आणि चार मुलांसह आम्हाला सोडून नव्या मंडळीत गेला. त्यांचं देऊळ पत्र्याचं आहे आणि तिथे ढोल वाजतात. वाइमालात असं करणारं हे पहिलंच घर. गाव त्याच्याकडे मासळीचे डबे घेतं, उधार घेतं, पण माफ केलेलं नाही.

गुरुवारी मी त्याच्या दुकानात गेलो. तो मैद्याचं पोतं फोडत होता. गाव काय म्हणतंय ते त्याला माहीत होतं. त्याने हातातलं काम थांबवलं नाही.

"फादर, तुमच्या मते त्या पेटीत देव होता," तो म्हणाला. "माझ्या मते मैदा. मैदा चोरायला मी तुमच्याकडे कशाला येऊ? इथे पोत्याने आहे."

मी रॉकेलचं विचारलं. मंगळवारी कोणी कोणी नेलं?

"मंगळवारी बोट येते, सगळेच नेतात. लेमानांच्या घरून आले होते. शाळेतून आले. विटोलिओची बायको आली. आई एक बाटली घेऊन गेली."

"आईला कशाला?"

"आई मला कारण सांगत नाही. पैसेही देत नाही." मग पोत्यावरची सुतळी गुंडाळत तो जरा हळू म्हणाला, "सोमवारी मला काढणार, ना? चोर सापडला तरी आणि नाही सापडला तरी."

मी म्हटलं, असं कसं होईल. माझ्या धंद्यात हे वाक्य रोज लागतं.

३

पासिलिओची आई म्हणजे आकेनेसे आजी. मुलगा ढोलांकडे गेला तरी ती आमच्याकडेच राहिली. एकतीस वर्षं वेदीची कापडं तीच धुते, इस्त्री करते, फुलं लावते, अंगण झाडते. तिच्या हाताखालून चार फादर गेले. मी पाचवा.

शुक्रवारी सकाळी ती खराट्याने अंगण झाडत होती. मी व्हरांड्यात उभा राहून तिला प्रश्न विचारले आणि तिने मला उत्तरं दिली, पण दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. बुधवारच्या आधी कोणी परका माणूस दिसला का, असं मी विचारलं. तिने विचारलं, न्याहारी केलीत का? पेला कपाटात कोणी ठेवला असेल, असं विचारलं. ती म्हणाली, तुम्ही हल्ली तारोचे कंद खात नाही, वाळलात.

शेवटी मी खाली उतरून तिच्यासमोर उभा राहिलो. तेव्हा ती खराट्यावर हात ठेवून म्हणाली, "चोर आलाच नाही, फादर. जाऊ द्या."

"मग कोण आलं?"

"पाऊस येईल आज," ती म्हणाली आणि झाडत पुढे गेली. आभाळ लख्ख होतं.

माझ्या एक गोष्ट लक्षात आली आणि मी ती चुकीच्या खणात ठेवली. चाफ्याच्या झाडाखाली घमेल्याएवढी जागा तिने झाडली नाही. खराटा तिथे आला, थांबला, वळसा घालून गेला. पानं तशीच पडून राहिली. पांढऱ्या प्रवाळाचे पाचसहा खडे भोवती ठेवलेले दिसत होते. वय झालं आजीचं, असं मी मनात म्हटलं.

शनिवारी दुपारी पापकबुली असते. मी खुर्चीत बसतो, लोक अंगणात रांग लावतात. कबुलीत काय बोललं जातं ते मी मेलो तरी सांगणार नाही, पण कोण किती वेळ बसतो ते रांगेतल्या बायका मोजतात आणि संध्याकाळच्या प्रार्थनेच्या शंखाआधी ते गावभर होतं. आकेनेसे आजीची वर्षानुवर्षं अडीच मिनिटं असतात. त्या शनिवारीही अडीचच झाली. विटोलिओंना वीस मिनिटं लागली.

वीस मिनिटं. रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. शंख वाजेपर्यंत अर्ध्या गावाने पासिलिओला सोडून विटोलिओंना धरलं होतं.

विटोलिओंना हे कळलंच. ते तडक माझ्या व्हरांड्यात आले आणि पुन्हा कबुलीसारखं नको, सरळ गप्पांमधलं म्हणून ऐका, म्हणाले. येणारेजाणारे ऐकतील इतक्या मोठ्याने त्यांनी सांगितलं की गुडघा दुखतो म्हणून ते आजाऱ्यांकडे जायचं टाळतात, आणि ईस्टरनंतर त्यांनी ती पेटी एकदाही उघडलेली नाही.

"मी आळशी आहे, फादर," ते म्हणाले, "चोर नाही. आळशीपणासाठी गावाबाहेर काढत नाहीत ना?"

काढत नाहीत, असं मी सांगितलं. काढत असते तर गावात कोण उरलं असतं, हे सांगितलं नाही.

म्हणजे ईस्टरपासून ती पेटी उघडणारा मी एकटाच होतो. हेही मी चुकीच्या खणात ठेवलं. तो खण आता भरत आला होता.

४

रविवारी उजाडता उजाडता मी दार उघडलं तर अंगणात चटई बसली होती.

आमच्याकडे याला इफोगा म्हणतात. मोठा अपराध झाला की अपराध्याकडचा माणूस पहाटे येतो, ज्याचं बिघडवलं त्याच्या दारासमोर खाली मान घालून बसतो आणि घरातली सर्वांत बारीक विणीची, सर्वांत मोलाची चटई डोक्यावरून पांघरतो. काही बोलत नाही. घरातल्याने चटई उचलली तर माफ केलं. नाही उचलली तर बसून राहायचं, उन्हात, दिवसभर. पूर्वी कधी कधी चटईवरून कुऱ्हाड चालायची.

गाव हळूहळू जमलं. लेमाना माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. मी पायऱ्या उतरलो आणि चटई उचलली.

खाली पासिलिओ होता. घामाने भिजलेला, डोळे जमिनीकडे.

मी विचारलं, "का केलंस?"

"चूक झाली," तो म्हणाला. "आमच्या घरातून झाली. माफ करा."

मी त्याला उठवलं, मिठी मारली, रीतीप्रमाणे. त्याच्या अंगाला रॉकेलचा वास येत होता. दुकानदाराच्या अंगाला येतोच. मागे विटोलिओंनी सोडलेला निःश्वास सगळ्यांनी ऐकला.

लेमाना म्हणाले, "तुम्ही माफ केलंत, फादर, ते तुमचं काम. उद्याचं आमचं काम आहे." मग पासिलिओच्या मुलांकडे बघत त्यांनी सांगितलं की सामान बांधायला आजचा दिवस पुरेल.

सर्वांत धाकटी मुलगी चार वर्षांची आहे. तिला वाटलं प्रवासाला जायचंय. तिने विचारलं, बोटीने का?

५

आठ वाजता मिस्सा. गावाने पंखे हलवत क्षमेवरचं प्रवचन ऐकलं. भाकर वाटून झाली. उरलेल्या चकत्या पेल्यात घालायला मी पेटी उघडली. बुधवारच्या नव्या चकत्या आत होत्या. झाकण काढलं, उरलेल्या वर ओतल्या, झाकण लावलं. चार सेकंदांचं काम. वर्षानुवर्षं असंच करतो.

बाहीवर मुंगी चढली.

मी ती झटकणार होतो. हात वर गेला आणि तिथेच राहिला. विटोलिओंना वाटलं मी आशीर्वाद देतोय. त्यांनी लोकांना उभं केलं.

नियम सगळ्या फादरांना पाठ असतो. आधी जुन्या चकत्या संपवायच्या, पेला रिकामा करून धुवायचा, मग नव्या घालायच्या. मी वर ओतत होतो. दर रविवारी, दर बुधवारी. वरच्या ताज्या. खालच्या कधीच्या? विटोलिओ पेटी उघडत नव्हते. आजाऱ्यांकडे कोणी जात नव्हतं. ईस्टरआधी पेटी दरवर्षी रीतीने रिकामी होते, म्हणजे तळाशी ईस्टरच्या होत्या आणि आमच्या हवेत कडक इस्त्रीचं कापडसुद्धा आठवड्यात ओलसर होतं.

मग सगळे खण एकदम उघडले.

चोर दिवा विझवत नाही. चोराला उजेड हवा असतो किंवा घाई असते. वात चिमटीत दाबून दिवा तोच विझवतो ज्याला माहीत आहे की पेटी रिकामी असताना दिवा जळता कामा नये. चोर पेला धुऊन पालथा घालत नाही. पितळेचा पेला मागे ठेवून चकत्या नेत नाही. तळाचं कापड बदलत नाही, तेही आपल्या हाताने इस्त्री केलेलं. आणि रॉकेल चर्च पेटवण्यासाठी नव्हतं. आमच्याकडची कोणतीही बाई जेवणाच्या कपाटाच्या पायांना ज्यासाठी रॉकेल लावते, त्यासाठीच ते होतं. ते उडून गेलं आणि मुंग्या परत आल्या.

राहिला पासिलिओ. चटईखाली बसणारा माणूस अपराधी असतो असं मी धरून चाललो होतो, म्हणजे मी या बेटावर जन्मून पन्नास वर्षं फुकट घालवली. इफोगाला अपराधी बसतच नाही. घराण्याचा प्रमुख बसतो, घरातल्या कोणासाठी तरी. पासिलिओने तेच सांगितलं होतं: आमच्या घरातून.

आणि त्या घरातून रोज सकाळी माझ्या चर्चमध्ये येणारं माणूस एकच होतं.

मी वस्त्रं उतरवून चाफ्याखाली गेलो. पांढऱ्या खड्यांच्या आत माती भुसभुशीत होती. खराब झालेली पवित्र भाकर फेकत नाहीत. पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत ठेवतात आणि ते पाणी कोणाचा पाय पडणार नाही अशा मातीत ओततात. हे सेमिनरीत, फादर होण्याच्या शिक्षणात, मी परीक्षेपुरतं शिकलो होतो.

आकेनेसे आजी माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. खराटा नव्हता, रविवार होता.

"किती होत्या, आजी?"

तिने वाकून एक खडा जागेवर सरकवला. मग म्हणाली, "वरच्या चांगल्या होत्या. त्या मी खाल्ल्या. गुडघ्यांवर बसून, एकेक. मंगळवारची दुपार गेली त्यात."

"आणि खालच्या?"

"फादर, न्याहारी केलीत का?"

"आजी."

"हिरव्या झाल्या होत्या," ती म्हणाली. "एकमेकींना चिकटल्या होत्या. आत मुंग्यांनी घर केलं होतं. जुन्या फादरांनी शिकवलं होतं मला, वादळात छप्पर गळलं होतं तेव्हा. घरी नेऊन पाण्यात ठेवल्या. दोन दिवस लागले. गुरुवारी ओतलं."

मला का सांगितलं नाही, असं मी विचारलं. हा प्रश्न मी विचारायला नको होता.

"काय सांगू तुम्हाला? की तुमच्या हातात देव कुजला?" तिचा आवाज वर गेला नाही. "गावाला कळलं असतं तर तुम्हाला ठेवलं नसतं. आधीचे चार आम्ही काही धड सांभाळले नाहीत. एक दारूने गेला, एक बोटीतल्या बाईबरोबर. तुम्ही निदान वेळेवर उठता."

"दिवा विझवला नसता तर कोणालाच कळलं नसतं," मी म्हटलं. "मी पेटी उघडली असती, कपाटात पेला धुतलेला बघून तुम्ही साफ केला असं समजलो असतो."

"हो. तो माझा मूर्खपणा."

"मग का विझवलात?"

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ती नीट न घडी घातलेल्या कापडाकडे बघते.

"आत कोणी नाही आणि दिवा लावून ठेवू? गप्प राहणं वेगळं. त्या दिव्याला खोटं बोलायला कसं लावू?"

म्हणून तिची अडीच मिनिटं अडीचच राहिली होती. कबूल करण्यासारखं तिने काही केलंच नव्हतं.

मुलाला काय सांगितलं, असं मी विचारलं. "मी केलं, एवढंच. का ते त्याने विचारलं नाही. ढोल वाजवतो हल्ली, पण मुलगा माझाच आहे." मग तिने माझा हात धरला. तो हात आयुष्यभराच्या स्टार्चने खरखरीत झाला होता. "तुम्ही काही बोलू नका. आम्ही बहिणीच्या गावी जाऊ. तिथेही समुद्र आहे."

६

रविवारचं जेवण लेमानांकडे होतं. नारळाच्या दुधात शिजवलेल्या पानांचं पालुसामी होतं, डुक्कर होतं. मी दोन्हींकडे बघत बसलो आणि जेवण झाल्यावर त्यांना सगळं सांगितलं. ईस्टर, चकत्या, मुंग्या, चाफा.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पंखा हलवायचं थांबवलं नाही. शेवटी ते म्हणाले, "हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"आजीला."

"मग झालं." ते माझ्याकडे झुकले. "फादर, पासिलिओ चुकला हे गावाला आठवड्यात पचेल. तो तसाही पचलेलाच आहे. फादर चुकले हे पचणार नाही. दुकानदार दुसरा मिळतो. फादर मिळायला आम्हाला गेल्या वेळी तीन वर्षं लागली. लोक कोणाच्या हातून शेवटची भाकर घेऊन मरणार? तुम्ही स्वतःचा विचार करू नका. गावाचा करा."

हा युक्तिवाद वाईट नव्हता. वाईट असता तर मला इतका आवडला नसता. माझी अब्रू, माझी खुर्ची, बिशपांची मर्जी, हे सगळं त्यांनी एका वाक्यात गावाचं कल्याण करून मला परत दिलं होतं. मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. सेमिनरीत सात वर्षं हेच तर शिकवतात.

संध्याकाळी मी चर्चमध्ये बसलो. दिवा जळत होता. इतके आठवडे तो कोणासाठी जळत होता, याचा मी विचार केला. वर थोडा देव आणि खाली बुरशी, आणि मी दर चार दिवसांनी झाकण उघडून फक्त वरचं बघणारा. पेला आणि माझ्यात फारसा फरक सापडेना. पंचवीस वर्षं माझी श्रद्धा आहे का, असं मी स्वतःला विचारत आलो. श्रद्धा होतीच. मी तिच्यावर रोज नवी ओतत होतो. तळाला काय झालं ते बघितलं नव्हतं.

सामान बांधायचे आवाज रस्त्यापलीकडून येत होते. हातोडीचेही. पासिलिओ दुकानाच्या फळ्या स्वतःच काढत होता, म्हणजे पंचांना पाडावं लागू नये.

७

फादराला लग्नकार्यात, मयतीत बारीक चटया भेट मिळतात. माझ्या कपाटात अकरा होत्या. एकही कधी उलगडली नव्हती. सोमवारी उजाडताना मी त्यातली सर्वांत बारीक काढली आणि रस्ता ओलांडून पासिलिओच्या अंगणात जाऊन बसलो.

चटईखाली उजेड विणीतून ठिपक्याठिपक्याने येतो. सुकलेल्या पानांचा आणि जुन्या कपाटाचा वास येतो. श्वास आपलाच आपल्या तोंडावर येतो. पंचांचं सभागृह समोरच आहे. सात वाजता ते जमणार होते. मी पावलं ऐकत होतो. पावलं यायची, थांबायची, पळत जायची. चटईखालून माझे पाय दिसत होते, आणि गावात काळे बूट एकाच माणसाचे आहेत.

विटोलिओ आले. ते कुजबुजले, "फादर, हे तुम्ही आहात का?" ते शेजारी बसले, मग गुडघा दुखला म्हणून उठले.

लेमाना आले. त्यांची काठी माझ्या नजरेसमोर टेकली. "उठा," ते दबक्या आवाजात म्हणाले. "लोक बघतायत."

"तेवढ्यासाठीच बसलोय."

"कोणासाठी बसलात? कोणाच्या वतीने?"

"माझ्याच."

काठी हलली नाही. आमच्या रीतीत याला जागा नाही. चुकणारा वेगळा, बसणारा वेगळा. तसं नसतं तर गाव चाललंच नसतं.

ऊन चढलं. एक मुंगी घोट्यावरून वर यायला लागली. मी ती झटकली नाही. बराच वेळ फळ्यांचाही आवाज नव्हता. मग पायऱ्यांवर कोणीतरी उतरलं, अनवाणी, जड पावलांनी, आणि माझ्यापासून दोन हातांवर थांबलं.

"फादर," पासिलिओ म्हणाला, "तुम्ही माझं काय बिघडवलंत?"

मी मोठ्याने सांगितलं. चटईखालून मोठ्याने बोलायला छाती लागते; प्रवचनापेक्षा जास्त. सभागृहात ऐकू जाईल अशा आवाजात मी सांगितलं की चोरी झालीच नाही. ईस्टरपासून मी पेला रिकामा केला नाही, माझ्या हातात ख्रिस्ताचं शरीर कुजलं, एका बाईने ते माझ्यापेक्षा चांगलं सांभाळून मातीला दिलं, आणि मला वाचवायला गप्प बसली. तिच्या घराला मी चोर होऊ दिलं. काल मिस्सेनंतरच मला हे कळलं होतं आणि रात्री मी झोपलोही.

समुद्राचा आवाज तेवढा होता. कोणीतरी रडत होतं, विटोलिओ असावेत.

उचलायला पासिलिओ पुढे झाला असावा, त्याची सावली विणीवर पडली, पण दुसऱ्या कोणीतरी त्याला बाजूला सारलं.

चटई उचलली आकेनेसे आजीने. चेहरा रागाने लाल होता. सहा दिवसांचं तिचं काम मी दोन मिनिटांत उघड्यावर आणलं होतं. तिच्या मागे लेमाना पंचांना काहीतरी सांगत होते. मला एवढंच ऐकू आलं की पासिलिओविरुद्ध आता काही तक्रार उरली नाही, आणि जो चुकला तोच बसला तर काय करायचं याचा नियम कोणाला माहीत असेल तर त्याने सांगावा. कोणी सांगितलं नाही. माझं काय करायचं ते पंचांनी बिशपांवर सोडलं. बिशपांचं पत्र अजून आलेलं नाही. बोट मंगळवारी येते.

पासिलिओने एक फळी उचलली आणि पुन्हा दुकानाला लावून बघितली.

आजीने चटईची घडी घातली. घाई केली नाही. कडेला कड जुळवली, सुरकुती हाताने दाबली, आणि मग माझ्याकडे बघितलं.

"न्याहारी केलीत का?"

"नाही," मी म्हटलं. त्या आठवड्यात मी तिला दिलेलं पहिलं खरं उत्तर ते होतं, आणि ती ते ऐकून चुलीकडे गेली.